ॲक्वापोनिक्समध्ये पीएच सारखा का पडतो, आणि सोडा टाकून का भागत नाही

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ॲक्वापोनिक्सची, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाज्या वाढवण्याची, तुमची सिस्टिम आठ महिन्यांची आहे, फिश टँक आणि ग्रो बेड (झाडांचा वाफा) मिळून साधारण १००० लिटर पाणी, मासे तिलापिया, आणि ३२ टक्के प्रथिनांचं खाद्य रोज ५० ग्रॅमच्या आसपास. सुरुवातीचे महिने पीएच ७.८ वर होता. गेले तीन महिने तो दर आठवड्याला ६.२ पर्यंत उतरतो, तुम्ही ६० ग्रॅम खाण्याचा सोडा टाकता, तो ७.२ होतो, आणि आठवडाभरात पुन्हा खाली. अमोनिया लिटरमागे कधी ०.५, कधी २ मिलिग्रॅम. नायट्रेट १६०. पालेभाज्यांची कोवळी पानं पिवळी पडतायत आणि जुन्या पानांच्या कडा करपतायत. पीएच ७ वर कायमचा ‘लॉक’ कसा करायचा, शिंपले घालावेत का, आणि आरओचं पाणी वापरावं का, हे तुम्ही विचारलंय.

लॉक होत नाही. व्हायलाही नको. चालत्या सिस्टिमचा पीएच पडणारच, कारण बॅक्टेरिया त्यांचं काम करतायत. मासे कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात, नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे पुढे नायट्रेट करतात, आणि पहिल्या टप्प्यात पाण्यात आम्ल सुटतं. ते आम्ल पाण्यातले बायकार्बोनेट गिळून टाकतात. आठ महिन्यांपूर्वी तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर होते, म्हणून पीएच हलला नाही. तेव्हाही आम्ल रोज तयार होतच होतं, फक्त दिसत नव्हतं. आता साठा संपलाय, म्हणून दिसतंय.

या साठ्याला टेस्ट किटमध्ये ‘केएच’ म्हणतात, आणि तुमच्या सगळ्या आकड्यांमध्ये नेमका हाच एक आकडा नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे नळाच्या धारेवरून कळत नाही, टाकी तळाला लागते तेव्हाच धार तुटते. पीएच ही धार, केएच ही टाकीतली पातळी. तुम्ही गेले तीन महिने धार बघताय.

आधी थोडा हिशोब करू, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. ५० ग्रॅम खाद्यात १६ ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत वजनाच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २.५ ग्रॅम. त्यातला ढोबळमानाने ६० टक्के अमोनिया होऊन पाण्यात येतो, म्हणजे रोज दीड ग्रॅम नायट्रोजन. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात ७.१४ ग्रॅम क्षारता, म्हणजे हाच बायकार्बोनेटचा साठा, खर्च होते. म्हणजे रोज ११ ग्रॅम, आठवड्याला ७५-८०.

हा झाला कमाल आकडा. प्रत्यक्षात खर्च याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, कारण काही क्षारता परत मिळते. मासे अमोनिया सोडतात तेव्हा थोडी, मुळं नायट्रेट उचलतात तेव्हा थोडी, आणि बेडच्या तळाशी ऑक्सिजन नसलेल्या कोपऱ्यात नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो तेव्हाही थोडी. आता तुमचा सोडा बघा. ६० ग्रॅम खाण्याचा सोडा म्हणजे त्याच मापात ३६ ग्रॅम क्षारता. कमाल आकड्याच्या जवळपास निम्मा! म्हणजे तुम्ही अंदाजाने टाकत होतात तो डोस बरोबर होता. सिस्टिममध्ये बिघाड नाही. चुकतंय ते काय टाकायचं आणि किती दिवसांनी टाकायचं, यात.

काय टाकायचं ते आधी घेऊ. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम असतं. दर आठवड्याला ६० ग्रॅम म्हणजे १६ ग्रॅम सोडियम, १००० लिटरमध्ये लिटरमागे १६ मिलिग्रॅम. बारा आठवड्यांत जवळजवळ २००. बायकार्बोनेट खर्च होतो, सोडियम मागे राहतं. झाडं ते फारसं घेत नाहीत, बाष्पीभवनाने ते जात नाही, उलट वरून पाणी भरत राहिलात की त्या पाण्यातलं सोडियमही भर घालतं. आणि मुळाशी सोडियम वाढलं की पोटॅशियम आणि कॅल्शियम उचलणं झाडाला जड जातं. जुन्या पानांच्या कडा करपणं ही पोटॅशियम कमी पडल्याची नेहमीची खूण. माशांच्या खाद्यात झाडांना पुरेल इतकं पोटॅशियम मुळात नसतंच. त्यात वर सोडियमची अडचण.

म्हणून मी घरगुती सिस्टिममध्ये सोडा अडीअडचणीपुरताच ठेवतो. पीएच अचानक ६ च्या खाली गेला, हाताशी दुसरं काही नाही, तर एकदा टाका. नेहमीसाठी पोटॅशियम आणि कॅल्शियमच वापरा. लोह सोडलं तर खाद्यातून झाडांना मुख्यतः याच दोन गोष्टी कमी पडतात, आणि पीएच सांभाळायला जे रोज घालावंच लागतं त्यातूनच त्या पोचवता येतात. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात ॲक्वापोनिक्सचे संशोधक जेम्स रॅकोसी यांच्या सिस्टिममध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड आलटूनपालटून घालत, त्यामागे हाच विचार होता.

घरी मी पोटॅशियम हायड्रॉक्साइड सुचवत नाही. हात आणि डोळे भाजतात, पाण्यात टाकताना ते तापतं, आणि दोन-चार ग्रॅम जास्त पडले तरी पीएच उडी मारतो. त्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट घ्या. महाग पडेल, पण चूक पोटात घालतं. कॅल्शियमसाठी विझवलेला चुना, म्हणजेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ३६ ग्रॅम क्षारतेसाठी पोटॅशियम बायकार्बोनेट ७२ ग्रॅम लागेल किंवा चुना २७ ग्रॅम. एक आठवडा हे, एक आठवडा ते. ७२ ग्रॅममधून लिटरमागे २८ मिलिग्रॅम पोटॅशियमही मिळतं, जे कडा करपणाऱ्या पानांना हवंच आहे. सुरुवातीला मी लागोपाठ दोन आठवडे पोटॅशियमच देईन, चुना नंतर. मात्र तुमचं भरायचं पाणी जड असेल, म्हणजे जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) दहा-बारा डिग्रीच्या पुढे, तर कॅल्शियम त्यातूनच येतंय. मग चुन्याची पाळी क्वचितच येईल.

चुना कधीही सुका टाकू नका. बादलीभर पाण्यात ढवळा, वरचं पाणी हळूहळू सम्पमध्ये (पंप असलेल्या खालच्या टाकीत) सोडा, आणि शक्य असेल तर ते ग्रो बेडमधून जाऊन मगच माशांपर्यंत पोचेल असं बघा. एकाच जागी ओतलात तर तिथला पीएच क्षणात दहाच्या वर जातो आणि फॉस्फरस कॅल्शियमबरोबर बांधला जाऊन गाळात बसतो. तो झाडांच्या उपयोगाचा उरत नाही.

आता किती दिवसांनी टाकायचं ते. तुमचा खर्च आठवड्याला ३६ ग्रॅम, म्हणजे १००० लिटरमध्ये लिटरमागे ३६ मिलिग्रॅम. केएचची एक डिग्री म्हणजे १७.९ मिलिग्रॅम, तेव्हा हा खर्च झाला दोन डिग्री. पीएच ६.८ ते ७.१ च्या दरम्यान चालणाऱ्या सिस्टिमचा केएच साधारण दोन-तीन डिग्रीच असतो. म्हणजे आठवड्यातून एकदाच टाकलंत तर दर वेळी जवळपास सगळी शिल्लक संपवून मग भरताय. तुमची ६.२ ते ७.२ ची वरखाली त्यातूनच येते. रोज १० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट, किंवा एक दिवसाआड २०, असं केलंत की ही वरखाली आपोआप थांबेल. खाद्य रोज घालता, त्याच वेळी हेही.

केएच मोजायला थेंबांचं साधं किट पुरतं. बहुतेक किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्यात एक थेंब म्हणजे एक डिग्री. एवढ्या कमी केएचला ते फार ढोबळ होतं, म्हणून १० मिलिलिटर पाणी घ्या, मग प्रत्येक थेंब अर्धी डिग्री. आज मोजलात तर एक डिग्रीच्या आत निघेल असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर जाऊ नका, कारण एक दुसरी शक्यता आहे. पीएच ६.२ असून केएच तीन डिग्री किंवा जास्त निघाला, तर माझा वरचा हिशोब तुम्हाला लागू नाही. तसं असेल तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठलाय : हवा कमी, मासे जास्त, किंवा बेडमध्ये गाळ कुजतोय. मग काहीही घालू नका. एअर स्टोन वाढवा, गाळ काढा. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर हवा, आणि पाणी गरम होईल तसा तो राखणं कठीण होतं. २० अंशांना पाणी जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम धरतं, ३० अंशांना साडेसात.

हवा दिल्याने पीएच बदलतो, केएच बदलत नाही, हे लक्षात ठेवलंत तर बरेचसे गोंधळ टळतील. रात्री झाडं, मासे, बॅक्टेरिया सगळेच कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून सकाळी पीएच कमी असतो, आणि शेवाळ असेल तर दुपारी चढतो. एकाच दिवसात अर्ध्या अंकाचा फरक सहज पडतो. पीएच रोज एकाच वेळी मोजा, मी सकाळी खाद्याआधी मोजतो. दुपारी ७.३ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६.९ दिसलं म्हणून घाबरून डोस टाकणारे बरेच भेटतात.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. अमोनिया २ आणि पीएच ६.२ असताना तुम्ही एकदम ६० ग्रॅम सोडा टाकून पीएच ७.२ वर नेता. किट जो अमोनिया दाखवतं तो एकूण. त्यातला बहुतेक अमोनियम असतो, जो माशांना फारसा त्रास देत नाही. विषारी भाग किती हे पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ वर अर्धा टक्का, ८ वर पाच टक्के, ९ वर एक तृतीयांशाहून जास्त. खालच्या पट्टीत पीएच एका अंकाने चढला की विषारी भाग साधारण दहापट होतो. तुमच्या बाबतीत २ मिलिग्रॅममधला तो भाग ०.००२ वरून ०.०१८ वर जातो. मासे वाचतायत कारण तुम्ही ७.२ वर थांबता. चुकून डोस जास्त पडला आणि पीएच ८ झाला तर तोच भाग ०.१ होतो, आणि तिथे कल्ले जळायला लागतात.

अमोनिया कधी ०.५ कधी २ होतो त्याचंही कारण इथेच आहे. पीएच ६.५ च्या खाली गेला की नायट्रिफिकेशन, म्हणजे बॅक्टेरियांनी अमोनियाचं नायट्रेट करणं, मंदावतं, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतं. खाद्य चालूच असतं, म्हणून अमोनिया साठतो, आणि आम्लपणामुळे तो निरुपद्रवी रूपात राहिल्याने मासे व्यवस्थित दिसतात. मग माणूस ‘पीएच दुरुस्त’ करतो आणि संध्याकाळी मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळायला लागतात. म्हणून पीएच ६.५ च्या खाली दिसला तर आधी अमोनिया मोजा. एकच्या वर असेल तर दोन-तीन दिवस खाद्य निम्मं करा आणि पीएच दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त चढू देऊ नका. घाई करण्यासारखं काही नाही, कारण ६.२ वर मासे तसे सुखरूप आहेत. अडचण बॅक्टेरियाची आहे, आणि ते चार दिवस थांबू शकतात.

नायट्राइटचा आकडा तुम्ही दिला नाहीत, तो मोजा. एकच्या वर असेल तर माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. लोक त्यावर मीठ घालतात, आणि उपाय म्हणून ते खरंही आहे, कारण क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण तुमच्या पाण्यात सोडियम आधीच साठलंय, तेव्हा मिठाऐवजी कॅल्शियम क्लोराइड घ्या.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह. इथे बरेच जण म्हणतील की पीएच जास्त असल्यामुळे लोह मिळत नाही. तुमचा तर ६.२ पर्यंत खाली जातो, म्हणजे कारण तेवढंच नाही. माशांच्या खाद्यातून झाडांपुरतं लोह येतच नाही, ते बाहेरून द्यावंच लागतं. चिलेटेड लोह घ्या, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं. धरणाऱ्या रेणूंतही ईडीटीए साधारण साडेसहा पीएचपर्यंतच टिकतं, त्यापुढे सोडून देतं. डीटीपीए साडेसातपर्यंत. ईडीडीएचए त्याहूनही वर टिकतं, पण पाणी लालसर करतं, मासे दिसत नाहीत आणि रंग बघून वाचायच्या टेस्ट फसतात. तुमच्यासाठी डीटीपीए. लिटरमागे २ मिलिग्रॅम लोह धरा, दर तीन आठवड्यांनी. पाकिटावर लोह ११ टक्के लिहिलं असेल तर १००० लिटरला १८ ग्रॅम, टक्केवारी वेगळी असेल तर त्या प्रमाणात. साधं फेरस सल्फेट या पाण्यात पटकन गंजासारखं खाली बसतं, त्यात पैसे घालू नका. आणि आधी पिवळं झालेलं पान हिरवं होईल अशी वाट बघू नका. नवं येणारं पान बघा.

नायट्रेट १६० बद्दल माशांसाठी काळजी नाही, तिलापियाला ते सहज चालतं. पण तो आकडा चढत असेल तर खाद्य झाडांच्या भुकेपेक्षा जास्त होतंय, किंवा झाडांना भूक आहे पण पोटॅशियम आणि लोहाअभावी ती वाढत नाहीत. तुमच्या पानांवरून मला दुसरं वाटतं. झाडं पुन्हा वाढायला लागली की नायट्रेट उतरेल, आणि मुळांनी नायट्रेट उचलला की क्षारता परत येते, म्हणून पीएच पडण्याचा वेगही कमी होईल. पालेभाज्यांसाठी बेडच्या चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे ढोबळ माप मी धरतो. तुमचं ५० ग्रॅम आहे, म्हणजे एक चौरस मीटरच्या वर भरगच्च लागवड हवी. बेडचा निम्मा भाग काढणीनंतर रिकामा पडून राहत असेल तर तिथे रोपं लावा. एक तपासून बघा : काही किट ‘नायट्रेट’ दाखवतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यावर पहिला मिळतो, आणि मासिकांतले किंवा इतरांचे आकडे तुमच्याशी ताडताना यातच घोळ होतो.

साठलेलं सोडियम काढायला पाणी बदलण्याशिवाय मार्ग नाही. आठवड्याला १०-१५ टक्के, महिना-दीड महिना. काढलेलं पाणी मोठ्या झाडांना घाला. टीडीएस मीटरवर (विरघळलेले एकूण क्षार दाखवतं ते) याचा अंदाज येणार नाही, कारण त्याला सोडियम आणि पोटॅशियम सारखेच. भरायचं पाणी क्लोरीनचं असेल तर एक-दोन दिवस हवा देऊन ठेवा. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते नुसत्या हवेने जात नाही, त्याला व्हिटॅमिन सी किंवा सोडियम थायोसल्फेट लागतं. त्यातून थोडा अमोनिया मोकळा होतो, म्हणून एका वेळी फार पाणी बदलू नका.

शिंपले. घालायला हरकत नाही, पण जाळीच्या पिशवीत, सम्पमध्ये, जिथे पाणी वाहतं तिथे. बेडमध्ये मिसळू नका, नंतर काढता येत नाहीत. पीएच सातच्या खाली आला की ते विरघळतात, वर असला की जवळपास गप्प बसतात, म्हणून राखणदार म्हणून चांगले. मात्र ते सावकाश विरघळतात, त्यांच्यावर चिकट थर बसतो जो अधूनमधून घासून काढावा लागतो, आणि त्यातून फक्त कॅल्शियम मिळतं. पोटॅशियमचं काम ते करणार नाहीत.

आरओचं पाणी तुमच्या बाबतीत उलटा उपाय आहे. त्यात केएच जवळजवळ शून्य असतो, म्हणजे शिल्लक आणखी कमी होईल. ते उपयोगी पडतं ज्यांच्या बोअरच्या पाण्याचा केएच बारा-पंधरा डिग्री असतो आणि पीएच आठच्या खाली येतच नाही, त्यांना. तशी मंडळी आम्ल टाकतात. ते वेगळ्या टाकीत, भरायच्या पाण्यावरच करायचं, माशांच्या टाकीत कधीच नाही, आणि नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. व्हिनेगर आणि सायट्रिक ॲसिडचा परिणाम टिकत नाही, बॅक्टेरिया ते खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा चढतो.

तुम्ही यातल्या कोणत्या बाजूला आहात हे ठरवायला मला दोन्ही पाण्यांची मापं लागतील : टाकीतल्या पाण्याचा केएच, आणि भरायच्या पाण्याचा केएच-पीएच, तोही बादलीत २४ तास हवा दिल्यानंतर मोजलेला. भरायच्या पाण्याचा केएच चार-पाच डिग्री निघाला तर दर आठवड्याच्या १५ टक्के बदलातून अर्ध्या डिग्रीच्या वर तसंच मिळेल, आणि रोजचे १० ग्रॅम सातवर आणता येतील.